थोरली पाणी प्यायली नाही

घरातलं पहिलं मूल ती, तरी सगळे तिला धाकटी म्हणत. तिच्या जन्माच्या आधी आप्पांनी जहाज बांधून पाण्यात सोडलं होतं, म्हणून. जहाज थोरली, मुलगी धाकटी, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी, आईने आशा सोडल्यावर झालेला मुलगा शेंडेफळ. शाळेत एकदा बाईंनी घरातल्या माणसांविषयी लिहायला सांगितलं, तर धाकटीने थोरल्या बहिणीवर दोन पानं लिहिली. तिला एकच हात आहे आणि तो नेहमी आभाळात असतो. वारा सुटला की ती घरी थांबत नाही. ती खूप पाणी पिते. बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, मोठ्या मुलीला डॉक्टरांना दाखवलंत का? आप्पा हा किस्सा धक्क्यावर येईल त्याला सांगत आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखे हसत.

नावाला ते तळं. पलीकडचा काठ हवा स्वच्छ असली की रेघेएवढा दिसायचा, एरवी दिसायचाच नाही. पूर्वी त्यावर शिडाची पुष्कळ जहाजं होती. पलीकडच्या वखारीतलं लाकूड, विटा, खडी, सगळं पाण्यावरून यायचं. मग पूल झाला, ट्रक आले आणि एकेक जहाज सरपणाला गेलं. थोरली तेवढी राहिली. आप्पा तिच्यातून वखारीच्या फळ्या आणत राहिले. त्यात फार काही सुटत नसे. पण पोटही भरेल आणि जीवही रमेल असा धंदा कुणाला मिळतो?

ती थोरली बुडाली त्याला आता महिना उलटून गेला होता. आप्पा तिच्यावर एकटेच होते. फळ्या वाहत वाहत काठाला लागल्या, शिडाचा एक तुकडा लागला, आप्पा लागले नाहीत. तळं माणूस ठेवून घेत नाही, उशिरा का होईना काठाला आणून सोडतं, असं गावातले सगळे सांगत. आणि मग धाकटीकडे पाहून बोलायचे थांबत.

त्या दिवशी दुपारी मागच्या दाराशी उचल्या आला. बुडालेल्या होड्या, लाँची, एकदा तर अख्खा ट्रॅक्टर, असं काय काय तो तळ्यातून उचलून काढी, म्हणून त्याचं हे नाव पडलं होतं. बँकेत किंवा पोलिसात कुणी त्याला या नावाने हाक मारली की त्याची पंचाईत होई.

"सापडली," तो पायरीवर बसत म्हणाला. "दगडखाणीच्या टोकापाशी. उतारावर अडकून बसलीय, नशीब समजा. अजून थोडी घसरली असती की रामराम."

धाकटीने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. तिला जे विचारायचं होतं ते त्यानेच उचललं.

"जहाजातल्या खोलीचं दार बंद आहे. आमच्या पाणबुड्याने पहार लावून पाहिली. लाकूड फुगून घट्ट बसलंय, हलत नाही. आत काही दिसत नाही, गाळच गाळ. काठाला मिळाले नाहीत, तर आतच असणार. दुसरं कुठे जातील?" तो पाणी प्यायला. "जहाज वर काढावं लागेल, ताई. दार उघडायचं तर वरच. भावाला विचारलं, तो म्हणाला ताई सांगेल ते. आईंना तर विचारायची सोयच नाही. म्हणून तुमच्याकडे आलो. काढू?"

हो म्हणायला एक अक्षर पुरेसं होतं. पण धाकटीने "उद्या सांगते" म्हटलं.

उचल्याला नवल वाटलं असणार. बापाला बाहेर काढायचं की नाही, यात उद्यापर्यंत विचार करण्यासारखं काय आहे? पण थोरलीच्या बुडाला काय झालं असणार, हे साऱ्या गावात एकट्या धाकटीला ठाऊक होतं. आणि ते ज्याच्या हातून झालं त्याला अजून ठाऊक नव्हतं.

लाकडी जहाज काठावर ओढून ठेवलं की वाळतं, फळ्या आकसतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. आप्पा दर वर्षी त्या फटींत तेल आणि राळ लावलेलं सूत ठोकून भरत, तेही सैलसर. मग थोरलीला धक्क्याशेजारी पाण्यात सोडून देत. पहिल्या दिवशी ती चाळणीसारखी गळे. कधी कधी तर जवळजवळ पूर्ण बुडे, नुसती डोलकाठी आणि थोडा कठडा वर. आप्पा बादली घेऊन शेजारी बसून राहत. येणारा-जाणारा ओरडे, "तांडेल, जहाज बुडालं की हो!" आणि आप्पा म्हणत, "बुडालं नाही, पितंय. तुम्ही पिता तेव्हा मी बोंबलतो का?" असे काही दिवस गेले की फळ्या पाणी पिऊन फुगत, एकमेकींना भिडत, आणि गळती आपोआप थांबे. मग उपसा केला की झालं. लहानपणी धाकटीचं काम एकच होतं. आत उतरून फटींवरून हात फिरवायचा आणि कुठली मिटली, कुठली राहिली ते आप्पांना सांगायचं.

शेंडेफळाला हे काम कधीच मिळालं नाही. तो मोठा होईपर्यंत आप्पांची घाई वाढली होती आणि धीर कमी झाला होता. "तू ठेव, तुला नाही जमायचं," एवढंच तो ऐकत आला. मग तो दुसऱ्या धक्क्यावर गेला, जिथे हौशी लोकांसाठी फायबरच्या होड्या भाड्याने मिळत. त्या होड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात बसला. आप्पा त्या होड्यांना बादल्या म्हणत. "तुझ्या बादल्या कशा आहेत?" जेवताना विचारत. तो म्हणे, "गळत नाहीत, तुमच्या लेकीसारख्या."

दोन वर्षांपूर्वी आप्पा शिडीवरून पडले आणि कंबर मोडली. थोरली शेडमध्ये पडून राहिली. दोन उन्हाळे तिने पाणी पाहिलं नाही. फटींतून पलीकडचा उजेड दिसायला लागला. आप्पा काठी घेऊन हिंडायला लागले तसे म्हणू लागले, यंदा सोडतो तिला पाण्यात. आणि आई रडू लागली, की या कमरेने बादल्या कोण उपसणार?

तेव्हा शेंडेफळाने ते मनावर घेतलं. दोन महिने कामावरून सुटला की शेडमध्ये जायचा, दार आतून लावून घ्यायचा. सगळं जुनं सूत उकरून काढलं, फटी घासून स्वच्छ केल्या आणि त्यांत लांबी भरली. फायबरच्या होड्यांना भरतात ती, दोन डब्यांतलं कालवून लावायची, वाळली की दगड होणारी. वरून घासून रंग दिला. फटी होत्या हे सांगूनही खरं वाटलं नसतं. मग एका सकाळी आप्पांच्या डोळ्यांवर रुमाल बांधून, हाताला धरून त्याने त्यांना धक्क्यावर नेलं. थोरली पाण्यावर उभी होती. आत टिपकागद ठेवला असता तर कोरडा निघाला असता.

त्या संध्याकाळी आप्पांनी धाकटीला फोन केला होता. ती दुसऱ्या शहरात, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. आप्पा आपणहून फोन करणाऱ्यातले नव्हते.

"एक थेंब आत आला नाही," ते म्हणाले.

"मग चांगलंच की, आप्पा."

"हं. चांगलंच." मागे धक्क्यावरचा वारा ऐकू येत होता. "प्यायली नाही गं ती या वर्षी. सगळीकडे लांबी भरलीय. बादल्यांना भरतात ती."

"मग काढून टाकायला सांगा त्याला."

"दोन महिने राबलाय. हाताची सालं निघालीत. माझ्या तोंडाकडे बघत होता, लहान असताना प्रगतिपुस्तक दाखवून बघायचा तसा. त्या वेळी पण मी काही बोलायचो नाही आणि आता पण…" ते थांबले. "फार छान झालंय म्हणालो. पहिल्यांदा म्हणालो असेन. आता कुठल्या तोंडाने सांगू, की उकरून काढ?"

"आणि लाकूड फुगलं की?"

"फुगायला जागा मागेल. बघू. आजवर माझं ऐकत आलीय."

लाकडाला फुगायला जागा नसली तर ते जागा करून घेतं. फळ्या एकमेकींना रेटतात, आणि मध्ये दगड असला की फासळ्यांपासून सुटतात. खिळे ओढून काढतात. हे धाकटीला कळत होतं. आप्पांना तर तिच्याहून जास्त कळत होतं. तरी पुढच्याच आठवड्यात ते वखारीतून फळ्या भरून निघाले, कारण शेंडेफळ रोज विचारत होता, "आप्पा, कधी काढताय बाहेर?" खाणीवरच्या लोकांनी दुपारी वारा अंगावर घेऊन येणारं शीड पाहिलं. मग पावसाची एक सर आडवी आली. सर गेली तेव्हा शीड नव्हतं.

हे सगळं शेंडेफळाच्या मते वाऱ्याने केलं होतं. तो येईल त्याला सांगे, "असला वारा होता की लोखंडी बोट पण उलटली असती." आणि रात्री झोपत असे. धाकटीला त्याची ती झोप मोडायची नव्हती. जहाज खाली राहिलं तर झोप शाबूत राहील. पण मग आप्पाही खालीच राहतील.

आणि आईचं काय?

आई स्वयंपाकघरात शर्टांना इस्त्री करत होती. आप्पांचे शर्ट. महिन्याभरात त्यांना कुणी अंगात घातलं नव्हतं, पण ती दर आठवड्याला ते धुई आणि इस्त्री करी. आत्या शेजारी बसून भाजी निवडत होती. आप्पांची ही बहीण ते गेल्यापासून इथेच राहायला आली होती.

"कोण आलं होतं?" आईने विचारलं.

"उचल्या. जहाज सापडलंय म्हणाला."

"मग? हे भेटले का त्याला?"

"आई, जहाज पाण्याखाली आहे."

"जहाज असेल. यांना काय झालंय तिथे बसून राहायला?" आईने कॉलर उलटी करून इस्त्री फिरवली. "काठी घरी ठेवून गेलेत. लांब जायचं असतं तर काठी नेली नसती का? येऊ दे तर खरं. महिनाभर घराला घोर लावला म्हणजे काय. एक शब्द बोलणार नाही मी. ताट वाढेन आणि उठून जाईन."

"तू? आणि बोलणार नाहीस?" आत्या म्हणाली. "मग दादा घाबरून परत जाईल."

आई हसली. खरंच हसली. धाकटीला ते पाहवलं नाही.

ती मागच्या अंगणात गेली तशी आत्या हात पुसत मागोमाग आली. "हे बघ धाकटे, मी दिवसभर तिच्या हो ला हो करते. पण हे असं किती दिवस? तिला एकदा डोळ्यांनी पाहू दे. रडेल, आपटेल, पण सुटेल. नाहीतर दाराकडे बघत बघत म्हातारी होईल ती."

"आत्या, ती म्हातारीच आहे."

"मग आणखी होईल. म्हातारपणाला काय तळ असतो?"

दुसऱ्या दिवशी धाकटीने उचल्याला हो म्हटलं. पण एक अट घातली.

"दार उघडलं, आप्पा मिळाले, की जहाज परत सोडून द्यायचं. लगेच. खोल पाण्यात."

उचल्या तिच्याकडे बघत राहिला. "ताई, जन्मभर बुडालेलं वर काढतोय. वर काढलेलं बुडवायचं काम अजून कुणी दिलं नव्हतं."

"द्याल ना सोडून?"

"तुमचं जहाज. म्हणाल ते."

शेंडेफळाची व्यवस्था तिने आधीच करून ठेवली होती. काठाला लागलेल्या फळ्या त्याने गोळा करून अंगणात रचल्या होत्या. वखारवाल्याचा माल आहे, त्याला परत द्यायला हवा, असं सांगून तिने त्याला सकाळी ट्रकबरोबर पाठवलं. पुलावरून तळ्याला वळसा घालून जायचं, माल उतरवायचा, यायचं, दिवस मोडणार. "आज काढणार ना गं ते?" त्याने ट्रकमध्ये चढताना विचारलं. "वारा आहे, आज नाही जमणार," ती म्हणाली. वारा नव्हता. त्याने तळ्याकडे एकदा पाहिलं आणि ताईवर विश्वास ठेवून दार लावलं.

उचल्याचा तराफा म्हणजे लोखंडी पिंपं आणि पट्ट्या जोडून केलेले दोन सांगाडे आणि मध्ये कप्प्या. पाणबुड्याने थोरलीच्या खालून दोर ओवले. माणसं चाकं फिरवू लागली. बराच वेळ काहीच झालं नाही. नुसते दोर पाण्यातून निथळत वर येत होते आणि गुंडाळले जात होते. मग पाणी गढूळ झालं, खालून बुडबुडे आले, आणि मोडलेल्या डोलकाठीचं खोड वर आलं. मग कठडा. धाकटी एका लहान होडीत बसून होती. तिने कठड्याची रेघ ओळखली. लहानपणी तिथे बसून पाय सोडले होते म्हणून नाही, तर शेंडेफळाने दिलेला रंग तसाच होता म्हणून. निळा. महिनाभर गाळात राहूनही एक टवका उडाला नव्हता.

तराफ्याला टांगून त्यांनी तिला खाणीच्या मागच्या उथळ पाण्यात नेलं. बूड टेकलं, थोरली एका कुशीवर कलली, आणि वर आलेल्या कुशीवर ते दिसलं. कण्यापासून तिसरी फळी नाळेकडून, पुढच्या टोकाकडून, सुटून बाहेर फाकली होती, हात जाईल एवढी. तांब्याचे खिळे फासळीतून उपटून निघाले होते. वरची फळीही अर्धवट सुटली होती. आणि फळीच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, लांबीची पांढरी पट्टी जशीच्या तशी चिकटून होती.

"दार," धाकटी म्हणाली. "आधी दार उघडा."

पहारेने दार फोडलं. उचल्या स्वतः आत वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग सरळ झाला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि मग, चूक झाल्यासारखी परत घातली.

"नाहीत," तो म्हणाला.

धाकटी पाण्यात उतरून त्या खोलीपाशी गेली. आत गाळ होता, फुगून दारापर्यंत आलेली गादी होती, उलटी पडलेली किटली होती. दाराला आतून कडी लावलेलीच नव्हती. आप्पा त्या खोलीत गेलेच नव्हते. वाऱ्यात सुकाणू सोडून ते आत जातील असं सगळे धरून चालले तरी कसे? ते बाहेरच होते, पहिल्यापासून बाहेरच. म्हणजे आता अख्खं तळं होतं.

ती तिथे किती वेळ उभी होती तिला कळलं नाही. काठावर ट्रक थांबल्याचा आवाज आला तेव्हा तिने वळून पाहिलं. फळ्या तशाच लादलेल्या होत्या. पुलापर्यंत पोचायच्या आधीच समोरून येणाऱ्या कुणीतरी हात करून ट्रक थांबवला असणार आणि आनंदाने सांगितलं असणार, अरे, तुमची थोरली वर आली!

शेंडेफळ पॅन्ट न दुमडता पाण्यात शिरला. "आप्पा?" त्याने विचारलं. धाकटीने मान हलवली. तो रडेल असं तिला वाटलं, आणि ती त्याच्याकडे जायला निघाली. पण तो जहाजाकडे बघत होता. त्याने सुटलेल्या फळीवर हात ठेवला. कडेवरून हात फिरवत गेला, नाळेपासून मधल्या फासळीपर्यंत, मग वरच्या फटीवर, मग तिच्या वरच्या. शिकवलं नसूनही अगदी तसाच, जसा ती फिरवायची.

"लांबी कुठेच सुटली नाही," तो म्हणाला. कामाचा हिशोब द्यावा तसा त्याचा आवाज होता. "फळी सुटली, खिळे निघाले. लांबी नाही सुटली."

"वारा होता ना रे त्या दिवशी."

"ताई, मी होड्या दुरुस्त करतो." त्याने एक उपटलेला खिळा बोटाने सरळ केला. "वाऱ्याने फळी आत जाते. ही बाहेर आलीय."

 नेमका त्याच वेळी उचल्या तराफ्यावरून ओरडला, "ताई, मग देऊ का सोडून? तुम्ही म्हणाला होता, दार उघडलं की परत खोल पाण्यात. उन्हं आहेत तोवर नेतो."

शेंडेफळाने खिळा सोडला. बहिणीकडे वळला. तो बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर जाऊन बसताना तिला दिसली: ट्रक, नसलेला वारा, सोडून द्यायचं जहाज.

"तुला आधीच माहीत होतं."

"नक्की असं नव्हतं माहीत."

"कुणी सांगितलं? तू तर इथे नव्हतीस." मग त्याचं त्यालाच उत्तर सापडलं, आणि तो हळू आवाजात म्हणाला, "आप्पांना कळलं होतं?"

"नाही."

"ताई."

"नाही म्हणते ना. ते खूश होते. मला फोनवर म्हणाले, फार छान झालंय."

"ताई, आप्पांना कळलं नाही असं एक तरी लाकूड होतं का या तळ्यावर?" तो म्हणाला. "त्यांना कळलं होतं आणि तरी गेले. मी रोज विचारायचो म्हणून गेले."

ती फळीवरचा गाळ हाताने पुसू लागली. काही लपवायचं असलं की ती असंच काहीतरी काम काढते, हे तो लहानपणापासून ओळखत होता.

"सोडू नका," त्याने उचल्याला ओरडून सांगितलं. "काठावर ओढा."

ओढून होईपर्यंत उन्हं कलली. माणसं निघून गेली. शेंडेफळाने ट्रकच्या पेटीतून एक पटाशी आणि हातोडी आणली आणि थोरलीच्या कुशीशी मांडी घालून बसला. वरच्या फटीपासून सुरुवात केली. पटाशी लावायची, ठोकायची, लांबीचा तुकडा उडवायचा, पुढे सरकायचं. लांबी दगडासारखी होती. त्याने काम चोख केलं होतं. "अरे, पुरे आता," धाकटी दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

तेवढ्यात आत्या आईला हाताला धरून घेऊन आली. कुणीतरी घरी सांगितलं होतंच. आत्याचा चेहरा पाहून धाकटीने लांबूनच मान हलवली, आणि आत्या जागीच उभी राहिली. पण आई हात सोडवून घेऊन पुढे आली. महिन्याभरात ती पहिल्यांदाच काठावर येत होती. तिने थोरलीला एक फेरी मारली. मग फुटलेल्या दाराशी ओणवी होऊन आत पाहिलं. गादी पाहिली, किटली पाहिली. ती सरळ झाली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

"नाहीत!" ती म्हणाली. "बघ, मी म्हणत नव्हते? तुम्ही सगळे मला वेड्यात काढत होता. तोंडावर बोलत नव्हता, पण काढत होता. आत नाहीत हे!"

"वहिनी," आत्या म्हणाली, "अगं, आत नाहीत म्हणजे—"

"म्हणजे बाहेर पडले. पोहता येतं यांना."

"त्या मोडक्या कमरेने?"

"पाण्यात कंबर कुठे दुखते? पाण्यात माणूस हलकं होतं. डॉक्टरच म्हणाले होते, पाण्यात व्यायाम करा." आई धाकटीजवळ आली आणि तिने तिचे दोन्ही हात धरले. आईचे हात गरम होते. "उद्या पलीकडे जाऊ. तिकडे दवाखाने असतील, शाळा असतील, कुणाच्या तरी घरी ठेवून घेतलं असेल. डोक्याला मार लागला की माणसाला नाव आठवत नाही, होतं असं. तू एवढी पुस्तकं वाचतेस, होतं की नाही?"

"होतं," धाकटी म्हणाली.

"मग तू चल बरोबर. तुला नीट बोलता येतं लोकांशी. तिथे नाही मिळाले तर पुढच्या गावात. काठाकाठाने जाऊ. तळ्याला किती गावं असतील?"

पुष्कळ होती. आत्या एका दगडावर बसली आणि तिने पदराने तोंड झाकून घेतलं. आईने तिच्याकडे लक्षही दिलं नाही. तिला कित्येक दिवसांत एवढं काम सुचलं नव्हतं. ती मुलाकडे वळली. तो पटाशी धरून थांबला होता.

"आणि तू काय करतोयस रे?"

"काढतोय," तो म्हणाला.

"का? चांगली तर भरली होतीस." तिने खाली वाकून सुटलेली फळी पाहिली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "इथून आलं ना पाणी? बघ, इथे कमी पडली तुझी लांबी. हे आले की त्यांना पहिलं जहाज लागेल, तोवर नीट करून ठेव. आणि या वेळी घट्ट भर. पहिल्यापेक्षा घट्ट. एक थेंब आत यायला नको."

शेंडेफळाने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे. धाकटीला काहीतरी बोलायचं होतं. दोघांपैकी कुणालाही चालेल असं काहीही. तिने आईचा हात कोपराशी धरला.

"हो आई," तो म्हणाला. "भरतो."